आवळलेला चाळ

नाचणाऱ्या बाईचे पाय तुम्ही शेवटचे कधी पाहिले?

घुंगरू म्हणत नाही मी, पाय म्हणतोय. पाहिले नसतीलच. तुम्ही बसता खुर्चीवर. पुढे पाहुण्यांचं टेबल, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, त्याच्या मागे फेट्यांची रांग. नाच तुम्हाला दिसतो तो गुडघ्यापासून वर. गुडघ्याखाली काय चाललंय त्याचा नुसता आवाज येतो, आणि त्या आवाजाला तुम्ही संस्कृती म्हणता.

गोपिकाचे पाय पाहायचे असतील तर नागपुरातल्या पारडीत जावं लागतं. वरच्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या. जिना उतरताना ती भिंतीकडे तोंड करते आणि आडवी उतरते, खेकड्यासारखी, एकेक पायरी. वय त्रेचाळीस. खालच्या घरातली म्हातारी सत्तरी ओलांडलेली, ती हिला हात द्यायला वर येते. घोट्यांच्या वर दोन्ही पायांना काळी कडी आहेत, ती साबणानं जात नाहीत. ती चाळाची आहेत. चाळ म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर ओवलेले घुंगरू. एका पायाला दोन किलो वजन, दोन्ही मिळून चार. हे चार किलो बांधून तिनं अठरा वर्षं उड्या मारल्या. डाव्या नडगीवर, घोट्यापासून चार बोटं वर, बोराएवढं टेंगूळ आहे. ते कशाचं हे तिला परवापरवापर्यंत माहीत नव्हतं. कुठं तरी आपटलं असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

घरात शाली अकरा आहेत. गुडघा धड एकही नाही.

बाप चंद्रभान रामटेककडचा. धानाचं वावर आणि खडी गंमत, हे दोनच त्याचे धंदे. खडी गंमत म्हणजे उभ्यानं, मोकळ्या जागेत चालणारा खेळ. ढोलकी, डफ, आणि बाईचा वेष घेतलेले पुरुष. चंद्रभान लुगडं नेसून नाचायचा आणि सकाळी त्याच पायांनी चिखलणी करायचा. त्याची एक खोड होती. गावात पोचला की चहा घ्यायच्या आधी चपला काढून खेळाच्या जागेवर अनवाणी चालायचा. एक चक्कर, दोन चकरा. मग गावच्या पाटलाला म्हणायचा, "इथं गिट्टी लागून राहिली. दोन पाट्या माती टाका, सडा मारा, मंग बोलू."

पाटील म्हणायचा, "लय नखरे बाप्पा तुमचे."

"पाय माहे आहेत," चंद्रभान म्हणायचा. "नखरा बी माहाच राहीन."

माती पडल्याशिवाय चाळ बांधायचा नाही. चाळाखाली जुन्या धोतराची पट्टी गुंडाळायचा, सैल. गोपिका हे सगळं पाहत मोठी झाली आणि अठराव्या वर्षी नागपुरात आल्याबरोबर विसरली. नागपूर विसरवतंच. इथं तिला बायजाबाईच्या नाचाच्या पार्टीत काम मिळालं. बायजाबाई म्हणजे पार्टीची मालकीण आणि सगळ्यांची गुरू. या पार्टीला माती कोण टाकणार? लग्नाच्या लॉनवर संगमरवर, मिरवणुकीत ट्रकचा पत्रा, सरकारी कार्यक्रमात सिमेंट. साहेबांच्या खुर्चीखाली गालिचा आणि नाचणाऱ्यांच्या पायाखाली उन्हानं तापलेली फरशी. कुणाच्या बापाला कधी वाटलं नाही की हे उलटं आहे.

बायजाबाईचे नियम दोन. पहिला, चाळ बांधायचा गुरूच्या हातानं, आणि एकदा बांधला की नाचल्याशिवाय सोडायचा नाही. बांधलेला चाळ न नाचता सोडणं म्हणजे मढ्यावरचं कापड ओढण्यासारखं. दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. पायात जिथं दुखतं, तिथंच पट्टा दोन वेढे जास्त आवळायचा.

"दुखणं चाळात बांधून टाकाचं वं," बायजाबाई म्हणायची. "दोन मिनिटं बोंब मारते, मंग मरते."

आणि खरंच मरायचं. पाय बधिर व्हायचा. बधिर पायानं गोपिका उभ्या विदर्भात नाचली, आणि पेपरवाल्यांनी लिहिलं की तिच्या पायांत वीज आहे.

छत्तिसाव्या वर्षी गुडघे बसले. मग ती कॉलेजच्या पोरींना शिकवायला लागली. तिथं तिची गाठ पडली सौरव सरांशी.

सौरव सर हे लोकनृत्य दिग्दर्शक. लोकनृत्य ते मोबाईलवर शिकले. त्यात काही पाप नाही, आजकाल भाजीही मोबाईलवर शिकतात. पण भाजी चुकली तर फेकून देता येते. सरांच्या गळ्यात कायम एक उपरणं, हातात बांबूची काठी, आणि तोंडात एकच शब्द: एनर्जी. शिकवायची गोपिका, ओरडायचे सर. पत्रिकेवर सरांचं नाव फोटोसकट आणि गोपिकाचं नाव "सहकार्य" या शब्दाखाली, जिथं मंडपवाला आणि चहावाला असतात तिथं.

यंदाच्या नाचात सरांनी बारा उड्या घातल्या.

"सर, खडी गंमतीत उडी नाही येत," गोपिका म्हणाली. "माहा बाप जमीन सोडत नव्हता. पाय घासून चालते हा नाच."

"ताई, घासून चालणारं ऑडियन्सला दिसत नाही. व्हिडिओ निघाला पाहिजे, व्हिडिओ! गुडघा छातीपर्यंत आला पाहिजे. एनर्जी!"

सरांच्या पायात तळव्याला फोम लावलेले बूट होते. पोरी अनवाणी. सराव कॉलेजच्या पार्किंगमध्ये, सिमेंटच्या गट्टूंवर, रोज चार तास. दर दोन गट्टूंच्या मधे एक खाच, आणि दर खाचेत एक टाच. बारा उड्या, दिवसाला वीस वेळा. गणित तुम्हीच करा. सरांना येत नव्हतं.

नाचात पोरीही बारा, आणि त्यांच्या मधोमध नाचायची दामिनी. नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली; बाप वामनराव संत्र्याचा बागवान. पोरगी हॉस्टेलला राहून बी.ए. करत होती, पण बी.ए. हे निमित्त. तिला पोलीस व्हायचं होतं. रोज पहाटे मैदानावर आठशे मीटर धावायची, घड्याळ लावून, कारण भरतीत बाईला आठशे मीटर धावून दाखवावं लागतं. म्हणजे सकाळी धावणं, दुपारी चार किलो बांधून उड्या, आणि खायला हॉस्टेलची डाळ, जिच्यात डाळ शोधावी लागते. तिची सगळी पुंजी म्हणजे ते दोन पाय. आई पोलीस म्हटलं की हसायची, बाप मात्र म्हणायचा, "धाव तू. मी पाहून घेतो गाववाल्याईले."

डिसेंबरच्या शेवटी गोपिकाला दिसलं की उडीनंतर दामिनी डावा पाय थोडा उशिरा टेकवते. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. सरांना तर नाहीच.

"काहून वं, पाय काहून चोरून राहिली?"

"नाही नं ताई. काही नाही झालं मले."

"दाखव."

नडगीवर किंचित सूज. दामिनी म्हणाली, "सकाळी धावताना दुखते. मंग गरम झाली की राहून जाते. सरले नका सांगू, मले मधातून काढून टाकतीन. बाबा येऊन राहिले पाहाले."

आता गोपिकानं काय करावं? पंचवीस वर्षांच्या अनुभवाची बाई. तिनं तेच केलं जे तिच्याबरोबर झालं होतं. दामिनीचा चाळ सोडला, वर सरकवला, बरोब्बर सुजेवर आणला आणि दोन वेढे जास्त देऊन करकचून आवळला.

"अव माय!"

"दोन मिनिटं बोंब मारते. मंग मरते."

मेलं. आठ दिवस दामिनी फुलपाखरासारखी नाचली. सर खूश. गोपिका सरांहून खूश, पार्किंगच्या खांबाला टेकून दुसऱ्या पोरींना सांगायची, "याले म्हणते जुनं शिक्षण. हे नाही भेटत तुमच्या मोबाईलवर." गर्व वाईट नसतो. पण आपल्या चुकीचा गर्व करणाऱ्या माणसाइतका आंधळा बैलही नसतो.

नवव्या दिवशी दामिनी उडी मारून खाली आली आणि बसली. बसली म्हणजे बसवली गेली. तिला उठता येईना.

सरांनी तिला स्कुटीवर घालून कोपऱ्यावरच्या एक्स-रेवाल्याकडे नेलं. फोटो निघाला. फोटोत काही नव्हतं. सरांनी तो फोटो पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर उन्हात धरला, निवडणूक जिंकल्यासारखा.

"रिपोर्ट क्लीन! हाड एकदम ओके. काय आहे, आजकालच्या मुलींना जरा खुट्ट झालं की ड्रामा. एक स्प्रे मारा, एक गोळी घ्या. चार दिवसांवर स्पर्धा आली आहे."

दामिनी मान खाली घालून म्हणाली, "जमते सर."

गोपिका खांबाशी उभी होती. तिच्या मनात काहीतरी टोचत होतं. ती लंगडत पुढे आली, दामिनीच्या पायाशी बसली. बसायला तिला अर्धं मिनिट लागतं, आणि त्या अर्ध्या मिनिटात सर दोनदा घड्याळ पाहतात. तिनं अंगठ्यानं नडगी वरून खाली दाबत आणली. इथं? नाही. इथं? नाही. इथं? पोरगी विंचू चावल्यासारखी उसळली. एकाच बोटाएवढी जागा. शीर चढली तर दुखणं पसरतं, हे गोपिकाला माहीत होतं. हे पसरलेलं नव्हतं. ते घोट्यापासून बरोबर चार बोटं वर, डाव्या पायाला होतं.

तिचा दुसरा हात आपोआप स्वतःच्या लुगड्याखाली गेला, त्या बोराएवढ्या टेंगळावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दामिनीला सरकारी दवाखान्यात नेलं. अडीच तास रांग. रांगेत दामिनीनं एकदाच तोंड उघडलं, "ताई, फोटो तं निघाला नं, कायले पुन्हा?" डॉक्टर मुलगीच होती, पंचविशीची, झोप न झालेली. तिनं दामिनीचा पाय तपासला, किती धावतेस, किती नाचतेस, कशावर नाचतेस, पाळी वेळेवर येते का, काय खातेस, असं सगळं विचारलं. एवढे प्रश्न सरांनी तीन वर्षांत विचारले नव्हते. मग म्हणाली, हाडाला केसाएवढी चीर गेली असावी. अशी चीर पहिल्या फोटोत बहुतेक दिसतच नाही, दोनतीन आठवड्यांनी दिसते. सहा आठवडे उडी नाही, धावणं नाही, तीन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढू. ऐकलं नाही तर पूर्ण मोडेल.

"मोडलं तर भरती?" दामिनीनं विचारलं.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "आता थांबलीस तर एक वर्ष जाईल. मोडलं तर किती जातील, मी सांगू शकत नाही."

गोपिकानं मधेच विचारलं, "पण डॉक्टर, पट्टा आवळला तं आठ दिवस दुखलं नाही तिले."

"कुणी आवळला?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी गोपिकाच्या शिक्षणाबद्दल विचारत होतं, आणि तिला उत्तर द्यावंसं वाटेना. शेवटी तिनं स्वतःचं लुगडं वर केलं आणि डावी नडगी टेबलावर ठेवली. "हे पाहा बरं. हे काय आहे?"

डॉक्टरनं टेंगूळ चाचपलं. मग गोपिकाच्या तोंडाकडे पाहिलं. "ताई, हे हाड मोडून जुळलंय. जुनं आहे. तुम्हाला कळलं नाही?"

गोपिकाला वर्षसुद्धा आठवलं. आमदार निवासाच्या बाजूचा कार्यक्रम, उन्हातला, सिमेंटवर. पाय पहिल्यांदा दुखला तेव्हा बायजाबाईनं पट्टा आवळला होता. त्या दिवशी तिनं तीन नाच केले. तिसऱ्याला लोकांनी पुन्हा, पुन्हा म्हणून शिट्ट्या वाजवल्या आणि तिनं चौथा केला. मोडलेल्या हाडावर. त्यासाठी तिला सातवी शाल मिळाली होती, मोरपंखी.

बाहेर आल्यावर बाकड्यावर बसून ती दामिनीला म्हणाली, "आमच्या गावी एका माणसाच्या घरी राखणीचा कुत्रा होता. रोज भुंके. त्यानं त्याचं तोंड बांधून टाकलं, निवांत झोपाले. चोर घर धुऊन घेऊन गेले."

"मंग?"

"मंग काय. थो माणूस म्हणजे मी. मी तुह्या पायाचं तोंड बांधलं वं पोरी. माहा बाप पट्टी गुंडाळून सैल चाळ बांधे, थे मी विसरली; मले चुकीचं शिकवलं होतं अन् मी तुले शिकवलं. तू नाचाचं नाही."

असं कबूल करणं गोपिकाला किती जड गेलं असेल ते ज्यांनी तिला ओळखलं त्यांनाच कळेल. ही बाई रिक्षावाल्याशी दोन रुपयांवरून भांडते आणि चार रुपये जास्त देऊन दुसरी रिक्षा करते. पण दामिनी वीस वर्षांची. तिला सगळ्यात मोठं दुःख हे, की बाप एसटीनं येणार आणि पोरगी मधोमध नसणार.

"तुमचे तं नाचून झाले ताई," ती म्हणाली. "तुमाले काय जाते बोलाले."

ही चपराक गोपिकानं खाल्ली. मिळायलाच हवी होती.

मग ती गेली मधुकररावांकडे. मधुकरराव हे स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष, लोककला वाचवणारे. कुणापासून वाचवतात ते अजून कुणाला कळलं नाही. यंदा त्यांनी मैदानात कायमचा मंच बांधला होता. काळा ग्रॅनाइट, आरशासारखा घासलेला. आणि मंचाच्या मधोमध, जिथं नाच होतो तिथंच, त्यांच्या कैलासवासी मातोश्रींचं नाव पितळी अक्षरांत फरशीत बसवलेलं. गोपिका तिथं गेली, चपला काढल्या आणि मंचावर अनवाणी एक चक्कर मारली. बाप मारायचा तशी. पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा. नुसत्या चालण्यानं टाचेपासून माकडहाडापर्यंत ठणका गेला.

"काका, यावर लाकडी फळ्या टाका. नाही तं प्लाय टाका, खाली सतरंजी. दगडावर उड्या मारून पोरीईचे हाडं चिरून राहिले."

मधुकरराव हसले. दुकानदार फुकटचं मागणाऱ्याला हसतो तसे. "ताई, तुम्ही एवढ्या मोठ्या कलावंत. तुम्ही तर ट्रकवर नाचल्या."

"नाचली. हे पाहा." तिनं टेंगूळ दाखवलं.

त्यांनी पाहिलं नाही. बाईचा पाय पाहणं त्यांना सभ्यपणाचं वाटलं नसावं. नाच पाहायला मात्र पहिल्या रांगेत असतात. "प्लाय टाकला तर नाव झाकलं जाईल," ते म्हणाले. "उद्घाटनच त्याचं आहे नं. आईचं नाव आहे ताई. भावनांचा प्रश्न आहे."

"तुमच्या माय नाचल्या होत्या का कधी या फरशीवर?"

"ताई, तोंड सांभाळा."

"तोंडच सांभाळत आली आतापर्यंत. म्हणून तं पाय गेले."

स्पर्धेच्या दिवशी दुपारी सगळे संघ मंडपामागे तयार होते. पाहुणे दीड तास उशिरा. पोरी चाळ बांधून उभ्या, कारण एकदा बांधला की बसायचं नाही, असाही एक नियम कुणीतरी मधेच काढला होता. कुणी घोट्याला पट्टी बांधून घेत होतं, कुणी गोळी गिळत होतं. एकीनं तर दोन्ही गुडघ्यांवर स्प्रे मारून वर पायजमा ओढला आणि आरशात हसून पाहिलं. कापडामागच्या त्या चिंचोळ्या जागेत स्प्रेचा वास इतका होता की कुस्तीचा आखाडा वाटावा. समोर मंचावर निवेदक लोककलेच्या सुगंधाबद्दल बोलत होता.

दामिनी आली. नऊवारी, नथ, आणि डाव्या पायात करकचून आवळलेला चाळ.

"कोणी बांधला?" गोपिकानं विचारलं.

दामिनीनं सरांकडे पाहिलं. सौरव सर पुढे झाले. "मी बांधला. सात मिनिटांचा प्रश्न आहे ताई. सात मिनिटं! नंतर सहा आठवडे झोपू द्या तिला. तिची स्वतःची इच्छा आहे, विचारा."

"मले नाचाचं आहे," दामिनी म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता, जानेवारीत. "तुमीच सांगतलं होतं नं, बांधलेला चाळ न नाचता सोडाचा नाही."

बाकीच्या अकरा पोरी पाहत होत्या. त्या सगळ्यांना हा नियम गोपिकानंच शिकवला होता. ती बसली. पूर्ण अर्धं मिनिट लागलं, आणि या वेळी घड्याळ पाहायची हिंमत कुणी केली नाही. दामिनीनं पाय मागे ओढला, गोपिकानं घोटा धरला.

"ताई, अपशकुन होते!" मागून कोणी तरी म्हणालं.

"होऊ द्या. माह्यावर होईन."

गाठ दामिनीच्या घामानं घट्ट झाली होती. गोपिकानं ती दातांनी सोडवली. त्रेचाळीस वर्षांची बाई, अकरा शाली मिळालेली, एका पोरीच्या घोट्याशी कुत्रीसारखी वाकून दातांनी चाळ सोडत होती. एक वेढा, दोन, तीन. रक्त परत पायात उतरलं, आणि इतका वेळ बधिर असलेलं दुखणं एकदम जागं झालं. दामिनी जी किंचाळली, ती पुढच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. निवेदकानं लगेच ढोलकीवाल्याला खूण केली.

"आता नाच," गोपिका म्हणाली. "जमते का पाहा. पाय टेकव."

दामिनीला पाय टेकवता येईना. ती तिथंच खाली बसली आणि रडता रडता गोपिकाला नाही नाही ते बोलली. म्हातारी, जळकी, लंगडी. गोपिका चाळ मांडीवर घेऊन ऐकत बसली.

संघाचं नाव पुकारलं गेलं. अकराच पोरी गेल्या. मधोमध, जिथं दामिनी असायची तिथं, पितळी नाव तेवढं चमकत राहिलं. नाच झाला. टाळ्या झाल्या. मधुकररावांनी फेटा सावरून "वा, वा" केलं. परीक्षकांनी दुसरा क्रमांक दिला आणि "उत्कृष्ट रचना" असं लिहिलं. बाराचा नाच अकरा जणींनी केला, मधली जागा रिकामी होती, आणि त्या सगळ्या मैदानात एकाही माणसाला ते कळलं नाही.

एकाला कळलं. वामनराव नरखेडच्या एसटीनं आले होते, हातात संत्र्यांची पिशवी. ते मागच्या रांगेत उभे राहून पोरगी शोधत होते. नाच संपल्यावर कापडामागे आले, पोरीला खाली बसलेली पाहिली, सुजलेला पाय पाहिला. गोपिकानं सगळं सांगितलं, आपली चूक धरून. वामनरावांनी ऐकून घेतलं. मग सौरव सरांकडे वळून शांतपणे विचारलं, "सर, तुमचा स्वतःचा पाय कधी मोडला का?"

"काका, तुम्ही समजून घ्या, कलेसाठी..."

"कलेसाठी तुमचा नाही मोडला नं? मंग आमच्या पोरीचा काहून?"

संध्याकाळी सरांनी गोपिकाला सरावाच्या ग्रुपमधून काढलं. खाली लिहिलं, "शिस्त म्हणजे कलेचा आत्मा." अकरा जणींनी त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. शिक्षण मिळालं होतं त्यांना.

तीन आठवड्यांनी दुसरा फोटो निघाला. त्यात नडगीवर, घोट्यापासून चार बोटं वर, पांढुरकी रेघ होती. हाड स्वतःला सांधत होतं, म्हणून ती दिसत होती. डॉक्टर म्हणाली, अजून एक नाच झाला असता तर चीर आरपार गेली असती. दामिनी फोटोकडे बराच वेळ पाहत राहिली. गोपिका सोबत नव्हती. तिला बोलावलंच नव्हतं.

त्या वर्षीचं भरतीचं मैदान दामिनीला देता आलं नाही. पुढच्याचं देणार आहे. मार्चमध्ये एके दिवशी ती पारडीला आली, जिना चढून, दोन्ही पायांनी सारखा आवाज करत. हातात संत्र्यांची पिशवी होती, बापानं पाठवलेली. माफी वगैरे काही मागितली नाही, नागपूरकडच्या पोरी मागत नाहीत. पिशवी खाली ठेवून म्हणाली, "ताई, तुमच्या बाबाईसारखा चाळ बांधाले शिकवा. पट्टीवाला. सैल."

आता त्या म्हातारीच्या अंगणात, खालच्या मजल्यासमोर, संध्याकाळी सहा पोरी शिकतात. अंगण शेणामातीनं सारवलेलं आहे. गट्टू बसवून द्यायला नगरसेवक दोनदा येऊन गेले. गोपिकानं दोनदा हाकललं. चाळाखाली कापडाची पट्टी असते आणि पट्ट्यात दोन बोटं शिरली पाहिजेत, नाही तर ती पुन्हा बांधायला लावते. दर अर्ध्या तासाला ती जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरून ओरडते, "कोणाचं काय दुखते? बोला! मुकाट नाचाचं असन तं दुसरीकडे जा." पहिल्या आठवड्यात कुणी बोललं नाही. चाळ बांधल्यावर दुखतं म्हणायची सवयच नव्हती कुणाला. आता बोलतात. एकीची टाच, एकीची कंबर, एकीचा अंगठा. दामिनी नाचत नाही अजून. ती सगळ्यांच्या पट्ट्यांत बोटं घालून तपासते. पोलिसासारखी.

मधुकररावांचा मंच मात्र तिथंच आहे. पुढच्या जानेवारीत पुन्हा स्पर्धा आहे. तुमच्या कॉलनीतही होईल एखादी, गणपतीत, नाही तर स्नेहसंमेलनात, नाही तर तुमच्या साहेबांच्या निरोप समारंभाला. तुम्ही कमिटीत असाल, खिशाला बिल्ला लावून. तर एक काम करा. पोरींना बोलावणं धाडायच्या आधी चपला-मोजे काढा, त्या फरशीवर अनवाणी जा आणि गुडघा छातीपर्यंत आणून दहा उड्या मारा. दहाच मारा, त्या बारा मारतात. अकरावी मारायची हिंमत झाली नाही, तर दोन पाट्या माती मागवा. आणि तेवढंही होत नसेल, तर कृपा करून संस्कृती आपल्या घरीच ठेवा, आमच्या पोरींना बोलावू नका.